पद्मपाणी कुणाच्या दारात उभा आहे?

जळगाव-धुळ्याकडे अजिंठ्याचा पद्मपाणी घरचाच मानला जातो. हॉटेलच्या काउंटरमागे, दवाखान्यात नंबर येईपर्यंत बसायच्या खोलीत, सत्काराच्या फ्रेममध्ये, लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यात तो भेटत राहतो. लेणी कागदोपत्री आपल्या जिल्ह्यांत नाहीत हे खरं. पण त्या दरीतून वाहणारी वाघूर उत्तरेला खान्देशात उतरते, तापीला मिळते आणि तिच्यावरच्या धरणाचं पाणी जळगाव शहर पितं. तेव्हा हा आपलेपणा अगदीच हवेतला नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. आपण भिंतीवर टांगतो तो पद्मपाणी बहुतेक वेळा नुसता चेहरा असतो. कललेली मान, मिटत आलेल्या पापण्या, मुकुट, फार तर हातातलं निळं कमळ. त्या चेहऱ्याखाली आपण ‘करुणा’ किंवा ‘शांती’ असं काहीतरी लिहितो आणि चित्र समजल्याच्या समाधानात पुढे जातो. मला म्हणायचं आहे ते असं की, हे चित्र एकट्यानं पाहण्यासाठी काढलेलंच नाही. त्याच्या मागे, दाराच्या आत, दगडाची एक मूर्ती आहे आणि हे चित्र त्या मूर्तीशी बोलतं. मूर्ती वगळली की आपल्या हाती संवादातलं अर्धंच वाक्य उरतं.

आधी जागा नीट पाहू. पहिल्या क्रमांकाचं लेणं हा पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातला, वाकाटकांच्या काळातला विहार. वीस खांबांचा चौरस मंडप, तिन्ही बाजूंना भिक्षूंच्या खोल्या आणि दारातून शिरल्यावर अगदी समोर, मागच्या भिंतीच्या मध्यावर, गर्भगृहाकडे नेणारं अंतराळ. या अंतराळाच्या तोंडाशी डावीकडे पद्मपाणी आणि उजवीकडे वज्रपाणी उभा आहे. दोघंही माणसाच्या उंचीपेक्षा मोठे. त्यांच्या मधून आत गेलं की अंतराळाच्या एका भिंतीवर माराचा हल्ला रंगवलेला आहे, दुसरीवर श्रावस्तीचा चमत्कार. त्याच्याही पुढे, गर्भगृहात, खडकातून कोरलेली भव्य बुद्धमूर्ती. हात धर्मचक्रप्रवर्तन मुद्रेत, आसनाखाली चक्र आणि हरणं. म्हणजे सारनाथचं पहिलं प्रवचन.

हा क्रम सहज जुळून आलेला नाही. मार हरतो तो बोधीच्या रात्री. त्यानंतर सारनाथला पहिलं प्रवचन. श्रावस्तीचा चमत्कार त्याच्याही पुढचा. यातले पहिला आणि शेवटचा हे दोन प्रसंग रंगात आहेत, मधला दगडात. गोष्टीचा कणा मूर्तीनं पेलला आहे आणि चित्रं तिच्या आगेमागे उभी आहेत. पद्मपाणी आणि वज्रपाणी या रचनेचे दारपाल आहेत. दारपालाचं चित्र कापून घ्यायचं आणि दार मागे सोडायचं, असं काहीसं आपण गेली शंभर-सव्वाशे वर्षं करत आलो आहोत.

त्या मूर्तीची एक ख्याती प्रत्येक पर्यटकाला ठाऊक असते. मार्गदर्शक वर्षानुवर्षं दिवा किंवा टॉर्च एका बाजूनं धरून दाखवत आले आहेत: एका बाजूच्या उजेडात चेहरा गंभीर, दुसऱ्या बाजूच्या उजेडात मंद हसरा, समोरून धरला तर ध्यानस्थ. लोक ‘वा!’ म्हणतात आणि बाहेर पडतात. याला जादूचा खेळ मानून सोडून देण्यात मोठं नुकसान आहे, कारण शिल्प म्हणजे काय याचा तो सर्वांत सोपा धडा आहे. शिल्पकार भाव कोरत नाही; तो उंचवटे आणि खोलगट जागा कोरतो. भाव उजेड ठरवतो. ओठांच्या कोपऱ्यात किती सावली साचते, पापणीची कड गालावर कुठवर सावली टाकते, यावर तो चेहरा दिवसभर बदलत असतो.

आता बाहेर येऊन पद्मपाणीकडे पाहा. इथे दिवा कुठूनही धरा, चेहरा बदलत नाही. कारण उजेड चित्रकारानं आधीच चेहऱ्यात ठेवून दिलेला आहे: नाकाच्या दांड्यावर, हनुवटीवर, खालच्या ओठावर. हा उजेड एका खिडकीतून किंवा एका बाजूनं आलेला नाही. जो भाग पुढे आलेला तो उजळ, जो मागे गेलेला तो गडद, असा हिशेब आहे. आपल्या जुन्या चित्रशास्त्रात याला ‘निम्नोन्नत’ म्हणतात, म्हणजे खोल आणि उंच यांची जाण. आणि रंगाच्या छटांनी ती साधण्याच्या रीतीला ‘वर्तना’. खरं तर ही शिल्पकाराची नजर आहे. छिन्नी जिथे कमी लागली असती तिथे रंग उजळ, जिथे जास्त लागली असती तिथे गडद. हे चित्र मी मूर्तीचा जबाब म्हणून पाहतो ते यामुळे. आतल्या चेहऱ्याला उजेडागणिक अनेक भाव आहेत. बाहेरच्या चित्रकारानं त्यांतला एक निवडून कायमचा थांबवला.

दुसरा पुरावा अंगाच्या ठेवणीत आहे. गर्भगृहात बुद्धाच्या दोन्ही बाजूंना चामर धरलेले, मुकुटधारी सेवक कोरलेले आहेत. दगडातले हे सेवक आकारानं लहान आहेत आणि त्यांना एक काम नेमून दिलेलं आहे: वारा घालायचं. दारातली रंगवलेली जोडी ही त्यांचीच मोठी आवृत्ती आहे, पण एका महत्त्वाच्या फरकासह. पद्मपाणीच्या हातात चामर नाही. तो सेवेतून मोकळा झाला आहे. त्याचं शरीर त्रिभंगात सैल वळलेलं आहे, हातात कमळ आहे आणि नजर खाली. मधल्या मूर्तीपासून एक भिंत दूर आल्यावर सेवकाला स्वतःचं असं एक मन मिळालं, असं मला ते वाटतं. पण त्याचा सेवकपणा पूर्ण सुटलेला नाही. तो अजून दाराशीच आहे. ज्याला आपण ‘करुणा’ म्हणतो ती या दोन्हींच्या मधली अवस्था आहे. आत जाऊन बसण्याची योग्यता असूनही बाहेर, आपल्या बाजूला, उभं राहणं. महायान परंपरेत बोधिसत्त्व म्हणजे नेमकं हेच. ते समजायला ग्रंथ लागत नाही, दाराची चौकट दिसावी लागते.

आणि तो एकटाही नाही. त्याच्या भोवती खडक, झाडं, माकडं, मोर, किन्नर, एकमेकांत रमलेली जोडपी आहेत. बाजूला सावळी राजस्त्री आहे. हा गजबजलेला संसार आणि मधे खाली पाहणारा तो. आत मूर्तीभोवती रान नाही, संसार नाही. रंगवलेला बोधिसत्त्व या दोन जगांच्या उंबऱ्यावर आहे. फ्रेममधला चेहरा कापताना आपण आतलं जगही कापतो आणि बाहेरचंही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. बुद्धाच्या दोन्ही बाजूंना दोन बोधिसत्त्व ही त्या काळातली रूढ मांडणी होती. चित्रकाराला त्यासाठी अमुक एका मूर्तीकडून प्रेरणा घ्यायची गरज काय? मला वाटतं, रूढ मांडणी कच्चा माल देते, निर्णय देत नाही. सेवकांना गर्भगृहातून मंडपाच्या भिंतीवर आणणं, त्यांना माणसाहून मोठं करणं, चामर काढून घेणं, आणि मूर्तीचा चेहरा उजेडानुसार बदलत असताना याचा चेहरा एकाच भावात स्थिर करणं, हे निर्णय आहेत. ‘प्रेरणा’ हा शब्द आपण फार रोमँटिक अर्थानं वापरतो. इथे तिचा अर्थ साधा आहे: एका कारागिरानं दुसऱ्याचं काम डोळ्यांसमोर ठेवून आपलं काम करणं.

जुन्या शास्त्राला हे नातं ठाऊक होतं, फक्त ते उलट्या दिशेनं सांगितलं आहे. विष्णुधर्मोत्तर पुराणात राजा वज्र मूर्ती घडवण्याची विद्या विचारतो, तेव्हा मार्कंडेय त्याला सांगतो की चित्र कळल्याशिवाय मूर्ती कळणार नाही, नृत्य कळल्याशिवाय चित्र कळणार नाही, आणि असं करत करत तो गाण्यापर्यंत जातो. पहिल्या लेण्याच्या दाराशी उभं राहिलं की त्यात आणखी एक ओळ घालावीशी वाटते: मूर्ती कळल्याशिवाय हे चित्र कळणार नाही.

मूर्तीवरून चित्र सुचण्याची युरोपातली एक तऱ्हा शेजारी ठेवून पाहू. १५०६ साली रोममध्ये जमिनीखालून लाओकून आणि त्याच्या दोन मुलांची प्राचीन मूर्ती निघाली आणि पुढची कित्येक शतकं चित्रकार तिच्याकडे वळत राहिले. एल ग्रेकोनं १६१० ते १६१४ च्या सुमारास त्याच विषयावर काढलेलं चित्र आज वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे. मूर्तीत बाप आणि मुलं सापांच्या एकाच वेटोळ्यात बांधलेली आहेत. एल ग्रेकोनं त्यांना सोडवून वेगवेगळं टाकलं. बाप जमिनीवर कोसळलेला, एक मुलगा गतप्राण, दुसरा अजून उभा राहून सापाशी झुंजणारा. मागे ट्रॉयऐवजी त्याचं स्वतःचं टोलेडो शहर, आणि लाकडी घोडा त्याच शहराच्या वेशीकडे निघालेला. हे चित्र थोर आहे ते मूर्तीपासून पळ काढल्यामुळे. मूर्ती रोममध्ये, चित्र स्पेनमध्ये. चित्रकाराला तिची आठवण पुरेशी होती, तिचा सहवास नको होता.

पद्मपाणीची तऱ्हा याच्या नेमकी उलट. तो मूर्तीपासून काही पावलांवर आहे आणि तिथून हलत नाही. एल ग्रेकोचं चित्र कुठेही टांगा, ते पूर्ण आहे. पद्मपाणी दुसरीकडे नेला की अपुरा पडतो. गंमत अशी, की गेल्या पावणेदोनशे वर्षांत न्यायचा प्रयत्न सर्वांत जास्त त्याचाच झाला.

१८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला लेणी दिसली. १८४४ मध्ये मद्रास सैन्यातल्या रॉबर्ट गिलची चित्रांच्या प्रती करण्यासाठी नेमणूक झाली. खान्देशात गिल आपल्याला ओळखीचा आहे तो पारोमुळे, ना. धों. महानोरांचं ‘अजिंठा’ हे दीर्घकाव्य आणि त्यावरचा २०१२ चा चित्रपट यांनी तो प्रियकर म्हणून आपल्या मनात बसवला. नकलाकार गिल मात्र मागे पडला. वर्षानुवर्षं अंधारात बसून त्यानं केलेल्या मोठमोठ्या तैलप्रती लंडनजवळ सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लागल्या आणि १८६६ च्या आगीत त्यांतल्या बहुतेक जळाल्या. गिल १८७९ मध्ये वारला. त्याची कबर भुसावळला आहे.

त्याच्यामागून १८७२ पासून १८८५ पर्यंत मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन आले. पेस्तनजी बोमनजींसारखे पुढे नावाजलेले चित्रकार त्यांत होते. त्या प्रतीही लंडनला गेल्या आणि त्यांतल्या पुष्कळ १८८५ मध्ये साऊथ केन्सिंग्टनला लागलेल्या आगीत नष्ट झाल्या. जे उरलं त्यावरून १८९६-९७ मध्ये ग्रिफिथ्सचे दोन जाडजूड खंड निघाले: एकात प्रसंगचित्रं, दुसऱ्यात नक्षी. आपल्या भिंतीवरचा सुटा पद्मपाणी मला या वाटेनं आलेला दिसतो. कॅनव्हास चौकोनी असतो, पुस्तकाचं पान चौकोनी असतं. त्यात मंडप, दार आणि पलीकडची मूर्ती मावत नाही. नकलाकारांचा यात दोष नाही. त्यांनी वाचवता येईल ते वाचवलं. पण वाचवण्याच्या साधनानंच काय गळणार ते ठरवलं.

इथे जे. जे.च्या शिक्षणाचाही हात आहे. तिथे विद्यार्थी रेखाटन शिकायचे ते ग्रीक-रोमन मूर्तींच्या प्लास्टरच्या प्रतिकृतींवरून. ‘अँटिक’चा तास म्हणतात तो हा. पांढरीशुभ्र मूर्ती, एका बाजूनं येणारा उजेड, कागदावर कोळशानं सावलीच्या पायऱ्या. या तालमीचे फायदे होतेच. पण त्यातून एक समजूत पक्की झाली की शिल्प म्हणजे पांढरं, सुटं, चौथऱ्यावरचं. आणि चित्र म्हणजे रंगीत, सपाट, चौकटीतलं. दोघांचे तास वेगळे, विभाग वेगळे, बक्षिसं वेगळी.

प्राचीन जगाला ही फाळणी मान्य नव्हती. ग्रीक मूर्ती रंगवलेल्या असत. प्लिनीनं नोंदवलेली एक गोष्ट आहे: प्रॅक्सिटेलिसला त्याच्या संगमरवरी कामांपैकी सर्वांत आवडती कोणती असं विचारलं, तेव्हा त्यानं निकियास या चित्रकाराचा हात ज्यांवर फिरला त्या मूर्तींकडे बोट दाखवलं. अजिंठ्यातही कोरलेल्या मूर्तींवर गिलाव्याचा पातळ थर देऊन त्या रंगवल्या जात. त्याचे अवशेष आजही दिसतात. म्हणजे पद्मपाणी रंगवला गेला त्या काळी आतली मूर्ती काळपट दगडाची आणि बाहेरचा बोधिसत्त्व रंगीत, असा भेद नव्हताच. दोघं एकाच रंगसृष्टीतले होते. फरक एवढाच की एकाला उठाव छिन्नीनं दिला होता, दुसऱ्याला कुंचल्यानं. आज मूर्तीचा रंग बराचसा गेला आहे. चित्रावर १९२० च्या दशकारंभी निजामानं बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी लाखेचा थर चढवला, तो काळानं पिवळा पडला. एक जास्त दगडी दिसू लागली, दुसरं जास्त सोनेरी. त्यामुळे त्यांचं सख्खेपण ओळखू येईनासं झालं.

धुळ्याजवळच्या गोंदूरला १९२५ मध्ये जन्मलेल्या राम सुतारांची वाटचाल मला या संदर्भात विचार करायला लावते. जे. जे.त शिकून १९५३ मध्ये मेयो पदक मिळवल्यावर त्यांनी १९५४ ते १९५८ ही वर्षं पुरातत्त्व खात्यात, अजिंठा-वेरूळच्या मूर्तींच्या दुरुस्तीत घालवली. खान्देशातला हा शिल्पकार, म्हणजे, पांढऱ्या प्लास्टरच्या वर्गातून थेट लेण्यांच्या अंधारात गेला. पुढे ज्या कामांनी त्यांचं नाव झालं ते पुतळे मात्र उघड्या आकाशाखाली, चहूबाजूंनी मोकळे, लांबून दिसणारे आहेत. २०१८ चा १८२ मीटर उंचीचा सरदार पटेलांचा पुतळा हे त्याचं टोक. त्यांच्या कौशल्याबद्दल वाद नाही. पण आपल्या काळानं शिल्पाकडून काय मागितलं ते यात दिसतं. एकटेपण मागितलं. पद्मपाणीचा कापलेला चेहरा आणि चौकातला एकटा पुतळा ही एकाच आवडीची दोन टोकं आहेत. नातं नको, प्रतिमा हवी.

यात बिघडलं काय, असं कुणी विचारेल. चेहरा सुंदर आहे, लोक तो प्रेमानं लावतात. मला वाटतं, बिघडतं ते असं: नात्यातून काढलेल्या चेहऱ्यावर कोणताही अर्थ चिकटवता येतो. सराफाच्या दुकानात तो दागिन्यांची जाहिरात होतो, कार्यालयात सौजन्याची पाटी, पर्यटनाच्या पत्रकात प्रदेशाचा शिक्का. मूर्तीच्या दाराशी उभा असलेला पद्मपाणी मात्र एवढा लवचीक नाही. तो एक ठरावीक गोष्ट सांगतो आणि पाहणाऱ्याला एक ठरावीक रस्ता दाखवतो. शिवाय मूळ चित्र झिजतं आहे. जे झिजतं त्याची आठवण नकलांवरून ठरते, आणि आपण घराघरांत जपलेली नक्कल दाराची आठवणच ठेवत नाही.

आयुष्यभर अजिंठ्याचा अभ्यास करणाऱ्या वॉल्टर स्पिंक यांचं एक मत इथे नोंदवायला हवं. पहिलं लेणं वाकाटक सम्राट हरिषेणानं स्वतः दिलेलं, आणि त्याच्या अचानक मृत्यूमुळे आतली बुद्धमूर्ती कधी विधिवत पूजेत आलीच नाही, असं त्यांनी मांडलं. गर्भगृहात दिव्यांची काजळी नाही, हा त्यांच्या युक्तिवादाचा एक आधार. हे मत स्वीकारलं तर पद्मपाणी दीड हजार वर्षं अशा मूर्तीच्या दाराशी उभा आहे, जिच्यासमोर दिवा लागला नाही. पुजारी नाही, पूजा नाही. तिच्याकडे जाणाऱ्याला वाट दाखवणारं फक्त हे चित्र. त्याचं मोल यामुळे वाढतंच.

म्हणून पुढच्या खेपेला फर्दापूरहून वर गेलात तर पद्मपाणीपाशी घाईनं पोचू नका. मंडपाच्या मधोमध, दाराच्या सरळ रेषेत थांबा. तिथून डावीकडे पद्मपाणी, उजवीकडे वज्रपाणी आणि मधल्या अंधारात मूर्ती, असे तिघं एका नजरेत येतात. डोळे सरावायला दोन-चार मिनिटं लागतात. मागून येणाऱ्या गर्दीला तेवढा वेळ पुढे जाऊ द्यावं. आणि आपल्याकडच्या शाळांतले चित्रकलेचे शिक्षक मुलांना अजिंठा काढायला सांगतातच, तर त्यांना एक विनंती: एकदा चेहऱ्याऐवजी दाराची चौकट काढायला सांगा. दोन्ही बाजूंना दोन उभ्या आकृत्या, मधे काळोख आणि काळोखात बसलेलं कुणीतरी. मुलांना नाक-डोळे नीट जमले नाहीत तरी चालेल.